ठेकेदार बदलला, पीएफ कुठे गेला?

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात किंवा मॉलमध्ये जा. फरशी पुसणारी बहुधा बाईच दिसते. "कुणाकडे कामाला आहेस?" विचारलं, तर ती ठेकेदाराचं नाव सांगते. आणि पीएफ? "कापतात म्हणे!" हे 'म्हणे' मला फार खटकतं.

जरा हिशेब मांडू या. पीएफसाठी धरलेला पगार १२ हजार असेल, तर १२ टक्क्यांनी तिचे १,४४० रुपये कापले जातात. तेवढेच मालकाने घालायचे. त्यातले हजारेक रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. दहा वर्षं भरली, की ५८व्या वर्षापासून पेन्शन.

आणि ठेकेदाराने पैसे भरलेच नाहीत तर? १९५२च्या पीएफ योजनेतच याचं उत्तर आहे. ज्याच्यासाठी काम चालतं, त्या मूळ मालकाने दोन्ही वाटे भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. ८ जानेवारी २०११ला हा कायदा महापालिका-नगरपालिकांनाही लावला गेला. २०२०मध्ये तर सुप्रीम कोर्टाने पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीच्या कंत्राटी कामगारांना जानेवारी २०१७पासूनचा पीएफ १२ टक्के व्याजासह द्यायला लावला. म्हणजे 'ती आमची कामगार नाही, ठेकेदाराची' म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण एक नुकसान आपल्याच हातून होतं. टेंडर बदलतं, नवा ठेकेदार येतो, नवं खातं उघडतो. जुन्यातले पैसे काढून आपण मुलीची फी नाहीतर घराचे पत्रे उरकतो. गरज खरी असते. पण पेन्शनची रक्कमही काढली, की दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

म्हणून तुमच्या गावच्या नगरपालिकेत, दवाखान्यात, कारखान्यात ठेक्यावर असाल, तर यूएएन नंबर वहीत लिहून ठेवा. तो एकच असतो. नव्या ठेकेदाराला तोच द्या. नंबर चालू करून मोबाइल जोडलेला असेल, तर ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, जमा रकमेचा मेसेज येतो. पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. चिठ्ठीत कपात आहे आणि खात्यात भरणा नाही, तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा. एकटीला भीती वाटते? चौघीजणी मिळून जा.

म्हातारपणी मुलांपुढे हात पसरायचा नसेल, तर हे 'म्हणे' आजच सोडायला हवं.