परत आलेल्या मुलाला घरात घ्या

पाचारण शिबिराला, म्हणजे धर्मगुरू व्हावं का हे शोधायच्या शिबिराला, जाऊन आलेल्या मुलाला गल्लीत काय ऐकावं लागतं, हे वसईत वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी पाठीला सॅक अडकवून पोरगा निघतो आणि रविवारी रात्री परत येईपर्यंत लोकांनी त्याला 'फादर' करून टाकलेलं असतं. सोमवारी नाक्यावर मित्र त्याच नावाने हाक मारतात. आजी मिस्सेहून येताना चार घरी सांगून येते. मामाचा फोन येतो, "मग, सेमिनरीत कधी?" पोरगा अजून विचारच करत असतो, पण आता 'नाही' म्हणायचं तर आजीचं मन मोडावं लागणार.

मला हे फार लागतं. वर्षभरानंतर त्यातला एखादा अभियांत्रिकीला जातो, एखादा नोकरी धरतो, आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागतो. त्याने कोणाचं काही घेतलेलं नसतं. तो प्रामाणिकपणे शोधायला गेला होता, आणि त्याला उत्तर मिळालं होतं.

अशा दोन दिवसांच्या शिबिरामागे जी परंपरा आहे, ती इग्नेशियस लोयोलांची. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली. साधना करून घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी इग्नेशियसनी सुरुवातीलाच सूचना लिहून ठेवल्या आहेत. साधक उत्साहाने भारावलेला असेल, तर त्याला घाईत शपथ किंवा वचन देऊ देऊ नका, ही त्यातली चौदावी. पंधराव्या सूचनेत ते म्हणतात की मार्गदर्शकाने कोणत्याही बाजूला झुकू नये. साधकाला संन्यस्त जीवनाकडे ढकलू नये आणि दुसरीकडेही ओढू नये, देवाला त्याच्याशी थेट बोलू द्यावं. शिबिरात शनिवारी रात्री दिवे मंद करून पवित्र साक्रामेंतापुढे आराधना चालते, गिटारवर हळू सूर असतो, मुलांचे डोळे भरून येतात. ते अश्रू खरे असतात. पण त्या रात्री कोणाच्या हाती सेमिनरीचा फॉर्म देऊ नये, एवढी समज पावणेपाचशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली आहे.

चर्चचा कायदाही घाई करत नाही. धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं शिकावं लागतं, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा मिळत नाही. घाई असते ती आपल्याला. पूर्वी घरात सहा-सात भावंडं असत, एक मुलगा देवाला दिला तरी शेती सांभाळायला चार जण उरत. आता घरात एक किंवा दोन. म्हणून एखाद्याने नुसता विचार जरी बोलून दाखवला, तरी एका घरात आनंदाचा गोंगाट होतो आणि दुसऱ्या घरात आई जेवत नाही. दोन्ही घरांत मुलाचं म्हणणं ऐकायचं राहून जातं.

आपल्याच मातीतला गोन्सालो गार्सिया आठवा. जन्म वसईचा, साधारण 1557 चा. कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथे त्यांच्यासाठी अनेक वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला, पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारण्यात आलं. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केलेला हा आपला वसईकर शेवटपर्यंत धर्मगुरू नव्हता. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. शिबिरात त्याचं हौतात्म्य सांगितलं जातं. ज्या दारावर त्याने आधी थाप मारली ते उघडलं नाही, हेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

आणि मुलांना फादरांचा मंगळवार दाखवा. प्रवचन आणि झगा त्यांनी पाहिलेलाच असतो. सकाळच्या मिस्सेनंतर आजाऱ्याच्या घरी जाणं, दुपारी दफनविधी, संध्याकाळी दोन भावांचा कुंपणावरून वाद, रात्री धर्मग्रामाचे हिशेब आणि मग रिकामी खोली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी दीक्षा घेतली 1972 मध्ये. पुढे 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, हरित वसईसाठी लढे दिले, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या त्या मोठ्या कामांमागे असे हजारो साधे मंगळवार होते. एकटेपणाबद्दल मुलांनी विचारलं, तर अनुभवी फादरांनी मोकळेपणाने बोलावं. मुलं त्याने घाबरत नाहीत, उलट विश्वास ठेवतात.

इथे वसईच्या पूर्वेकडे, चिंचोटीत बसून आणखी एक गोष्ट दिसते. आपली शिबिरं बहुधा पश्चिमेकडच्या जुन्या गावांतल्या, दहावी-बारावीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखली जातात. इकडे पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत आणि भिवंडी रस्त्यावरच्या गोदामांत पंचविशी-तिशीचे तरुण काम करतात. त्यांत ख्रिस्ती मुलंही आहेत, काही कामासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेली. शनिवार त्यांना सुट्टीचा नसतो, रविवारीही कधी पाळी लागते. कामाला रुळलेल्या, पगाराची आणि एकटेपणाची चव घेतलेल्या माणसाचा प्रश्न जास्त पिकलेला असतो. त्याच्यासाठी पाळी सुटल्यावर जमता येईल अशी, महिन्यातून एका संध्याकाळची बैठक का नको? चार जण आले तरी पुरे.

धर्मप्रांताकडे माझं मागणं साधं आहे. शिबिरातून किती जण सेमिनरीत गेले, हा आकडा रविवारच्या घोषणेत वाचू नका. मुलगा शिबिराला जातोय हे त्याने स्वतः सांगेपर्यंत कोणी सांगू नये. रविवारी दुपारी तासभर आईवडिलांनाही बोलावून घ्या आणि समजावून सांगा: घरी आल्यावर त्याला जेवायला वाढा, काय ठरवलंस हे विचारू नका.