आईला आरोपी करणारे हे न्यायाधीश कोण?

तीन वर्षांचा पोरगा खेळण्यातली मोटार पालथी घालून तिची चाके फिरवत बसला आहे. हाक मारली तरी वळत नाही. आईबाप डॉक्टरांकडून नुकतेच परतलेत. हातातल्या कागदावर शब्द आहे ‘स्वमग्नता’. पायातल्या चपला निघायच्या आतच खटला उभा राहतो. ‘तुझ्या नोकरीपायी झालं हे!’ ‘मोबाइल दे आणखी हातात!’ ‘आमच्या घराण्यात असलं कुणी नव्हतं!’ पोराची दृष्ट काढायची आणि आईवर डोळे वटारायचे! बाप मान खाली घालून गप्प. हीच का आपली मिरवायची कुटुंबवत्सलता? धिक्कार असो तिचा!

हे पाप केवळ अडाण्यांचे नाही. शिकागोचे पंडित ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे खापर आईबापांच्या थंडपणावर फोडले. वास्तविक बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, १९६४ सालीच दोष संगोपनाचा नसून मूळ शरीरात आहे, असे ठणकावले होते. साठ वर्षे लोटली. आमच्या दिवाणखान्यातला निकाल मात्र तोच!

आरोपीला रडायला सवड नसते. तो बचावात गुंतलेला असतो. म्हणूनच ही आई दुःख करत नाही, खुलासे करते. आणि निर्दोष ठरण्याच्या आशेने ती पैसे मोजते. स्टेम सेलची सुई विकणारे टपलेलेच असतात! स्वमग्नतेवर (ऑटिझमवर) या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले. तरी दागिने गहाण पडतात, कारण अपराधी मनाइतके सोपे गिऱ्हाईक दुसरे नाही.

शाळांचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे; भेदभाव न करता प्रवेश द्या, असे तोच कायदा बजावतो. मुख्याध्यापक मात्र गोड हसून म्हणतात, ‘इतर पालकांची हरकत आहे हो.’ कायदा तुमच्या फळ्यावरचा सुविचार आहे काय?

सल्लागारांनो, पुन्हा त्या घरी जाल तर तोंडाला कुलूप लावून जा. पोराशेजारी जमिनीवर बसा, ते चाक त्याच्याइतकेच मन लावून पाहा. आणि तेवढा तासभर त्याच्या आईला झोपू द्या!