हर्णैचं म्हावरं आणि आमचा कांदा

आम्ही दुष्काळी खटाव तालुक्यातली माणसं. समुद्राचं आम्हाला अजून नवल. दोन वर्षांमागं माघात धाकट्या पोरानं जीप काढली आणि म्हणाला, "आण्णा, जन्मभर कांद्यात लोळलात, एकदा दर्या बघा." दापोली मागं टाकून हर्णैला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग बसलेला, अलीकडं रंगीत होड्या. शेजारी शहरातली मंडळी मोबाईल उंच धरून उभी. 1755 साली इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, ही माहिती त्यांना तोंडपाठ. त्यातलाच एकजण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "गाव देखणं आहे हो, पण हा वास नसता तर!"

मला ते बोलणं लागलं. वास नसता तर गाव कशाला राहिलं असतं? दूध घट्ट पाहिजे, पण गोठ्यात शेण नको, तसलीच ही तऱ्हा.

माझी नजर आधी बैलावर गेली. मी गेलो तेव्हा मोठ्या बोटींना लागायला धक्का नव्हता. बोटी आत उभ्या राहायच्या आणि बैलगाड्या पाण्यात घालून मासळी काठाला आणायची. पोटाला खारं पाणी लागलेलं, तरी ते जनावर मुकाट उभं. आमच्याकडं भरल्या ओढ्यात बैल घालताना जीव खालीवर होतो.

मग लिलाव. वाळूवरच पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग. भोवती घेणारे. बोली चढते आणि बघता बघता सौदा तुटतो. ज्यानं पाण्यात रात्र काढली तो खलाशी ओल्या कपड्यात मागं गप्प उभा. हे चित्र माझ्या ओळखीचं. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ढिगाशेजारी मी असाच उभा असतो.

कोणी म्हणेल, लिलाव तर उघड्यावर होतो, त्यात अन्याय कसला? अन्याय बोलीत नाही, वेळेत आहे. घेणारा उद्या येऊ शकतो, मासळी उद्यापर्यंत थांबत नाही. डिझेल, बर्फ, जाळं यांचा भाव दुसऱ्यानं ठरवायचा आणि धरलेल्या मासळीचाही दुसऱ्यानंच. सरकार 22 पिकांना हमीभाव जाहीर करतं. त्यात कांदा नाही, मासळीचं तर नावच नको. वर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बंदी रास्तच आहे, माशाच्या विणीचे दिवस ते. बियाणं खाऊन पेरणी होत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण त्या 61 दिवसांत चूल कशावर पेटते, हे विचारायला फोटो काढणारे फिरकत नाहीत.

आता माझंही सांगतो. एका कोळणीकडं बांगड्याचा वाटा घेताना जिभेच्या सवयीनं बोललो, "मावशी, पन्नास कमी कर." ती सुरी न थांबवता म्हणाली, "दादा, हाटेलात ताटाचे पैसे देताना असंच बोलता काय?" दुपारीच जेवणाचं बिल मुकाट भरून आलो होतो. व्यापाऱ्याच्या नावानं वर्षानुवर्षं बोटं मोडणारा मी, तिच्यापुढं व्यापारीच झालो होतो. मागितले तेवढे दिले, पण शरम गेली नाही.

म्हणून सांगतो, देखावा पुरे. मच्छीमाराच्या हातात शीतगृह द्या, शेतकऱ्याच्या बांधाला कांदाचाळ द्या. माल थांबवता आला की माणसाला भाव बोलता येतो. तोवर हर्णैला जरूर जा, म्हावरं खा. पण वाट्याचा भाव पाडू नका आणि नाक मुरडू नका. तो वास कामाचा आहे.