आरोग्यचिंतन : गळलेल्या ओळी

लग्नाला पाच-सहा वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की साऱ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. नवससायास, उपासतापास, पुढे तपासण्या आणि औषधे, सारे तिच्याच वाट्याला येते. मुलाचे वीर्य एकदा तपासून घ्यावे, हे कुणाला सुचत नाही. सुचले तरी बोलायचे कुणी? वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो.

त्यांपैकी एका कारणाविषयी आज लिहावयाचे आहे. ‘वाय’ हे गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्राकडे जाते. १९७६ साली इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी या संशोधकांना, वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसलेल्या सहा पुरुषांमध्ये या गुणसूत्राचा काही भाग नाहीसा झालेला आढळला. शुक्रजंतूंच्या निर्मितीची सूत्रे तेथेच असावीत, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. १९९६ मध्ये या भागाचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन विभाग सांगितले गेले.

हा भाग गळतो कसा? पोथीची नक्कल करताना एकच ओळ दोन ठिकाणी आली, की लेखनिकाची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर जाते आणि मधला मजकूर सुटतो. या गुणसूत्रावर एकसारखे भाग पुनःपुन्हा येत असल्यामुळे येथेही तसेच काहीसे घडते. बहुधा पित्याचे गुणसूत्र धड असते. गळती पुत्राच्या वेळी होते. अशा पुरुषाची प्रकृती सामान्यतः उत्तम असते, म्हणून शंकाही येत नाही.

वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतील किंवा फारच थोडे असतील, तर थोड्याशा रक्तावरून ही तपासणी होते. तिचा निर्णय मोलाचा असतो. ‘ए’ किंवा ‘बी’ विभाग संपूर्ण गळला असेल, तर शस्त्रक्रियेनेही शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. व्यर्थ यातना आणि खर्च तरी टळतो. केवळ ‘सी’ गळला असेल, तर वीर्यात शुक्रजंतू नसणाऱ्यांपैकीही सुमारे निम्म्यांच्या वृषणात ते सापडतात. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा साधण्याची रीत १९९२ पासून ज्ञात आहे.

मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. या मार्गाने पुत्र झाला, तर तीच उणीव त्याच्याकडे जाईल आणि पुढे त्यालाही हाच प्रश्न पडेल. कन्येकडे ‘वाय’ जातच नाही. म्हणून उपचारापूर्वी पतिपत्नींनी जाणत्या डॉक्टरांपाशी एकत्र बसून बोलावे. दत्तकाचा विचारही मोकळेपणाने करावा.

वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे : तपासणीची सुरुवात दोघांपासून करा. आणि उणीव मुलात निघाली, तर सुनेवरचा दोष उचलून त्याच्या माथी मारू नका. नकलेत ओळ गळली, हा पोथीचा अपराध नव्हे.