जमीन आहे हो, पण तारण नाही!

परवा यावलहून मावसभावाचा फोन. पोराला अमेरिकेत एम.एस.ला ॲडमिशन मिळालीय. अभिनंदन वगैरे झालं आणि मग खरा विषय निघाला. पहिल्या वर्षाचा पैसा दाखवल्याशिवाय विद्यापीठ आय-ट्वेंटी देत नाही, आणि आय-ट्वेंटीशिवाय व्हिसाचा अर्ज नाही. दोन वर्षांचे मिळून पन्नास लाख. घरची सहा एकर केळी. आणि बँकेतले साहेब म्हणतात, "शेतजमीन चालत नाही. एन.ए. प्लॉट किंवा फ्लॅट आहे का?"

आता गंमत बघा. पीककर्ज देताना याच सातबाऱ्यावर बोजा चढवायला बँकांना काही अडचण नसते. पोराच्या शिक्षणाचं नाव काढलं की तोच सातबारा रद्दी! कारण २००२ चा सरफेसी कायदा. कर्ज बुडालं तर बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते, पण कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळलीय. शेतकऱ्याची जमीन सहजी जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच हो. पण परिणाम असा की कोथरूडच्या वन बीएचकेला जी पत आहे, ती सहा एकर केळीला नाही.

साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतंच. काही बँका तारणाशिवायही देतात, पण निवडक विद्यापीठांच्या यादीपुरतं. खासगी कंपन्या देतात, जास्त व्याजाने. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीत तारण नाही, पण ती देशातल्या संस्थांसाठी. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी, अख्ख्या राज्यात जागा ७५. मग उरतं काय? सोनं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही, पण बायकोच्या पाटल्यांत पन्नास लाख बसत नाहीत.

यावर आमच्या ऑफिसातलं ठरलेलं उत्तर: "टॅलेंट असेल तर फंडिंग मिळतंच." साफ खोटं! पीएच.डी.ला मिळतं, तिथे फी माफ आणि वर स्टायपेंड ही नेहमीची पद्धत आहे. एम.एस. बहुतेक ठिकाणी स्वखर्चाने. कॅम्पसवर काम करायची परवानगी आहे, पण सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास, त्यात जेवणखाण निघालं तरी नशीब. अमेरिकन सरकारची विद्यार्थी-मदत परदेशी पोरांना नाहीच. २०११ मध्ये डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, आता जवळजवळ दुप्पट. तेव्हा गेलेले आमचे सीनियर अजून तोच सल्ला देतात, "कर्ज काढ रे, दोन वर्षांत फेडशील." (मीही दिलाय. जळगावच्या एका सेमिनारमध्ये, माईक हातात घेऊन.)

माझं म्हणणं एवढंच. शेतजमिनीला सरफेसीचं संरक्षण राहू द्या, पण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी मिळते, तशी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी राज्याने वरच्या रकमेला द्यावी. आणि सेमिनारवाल्यांनी पहिल्याच स्लाइडवर लिहावं: तारण काय आहे? पोरगं जीआरईला पैसे घालायच्या आधी कळू तरी दे.

असो. धुळ्याला देवपुरात मामांचा एक एन.ए. प्लॉट आहे. मामा सही करायला तयार आहेत. मामी दोन दिवस बोलत नाहीयेत, त्यांच्याही मुलीचं लग्न आहे मे महिन्यात. आय-ट्वेंटीची मुदत पंधरा तारखेची. पुतण्या रोज रात्री विचारतो, "काका, काही झालं का?"