त्यागानंतरचे ताट

वसतिगृहातील एखादी १३-१४ वर्षांची मुलगी मांसाहार सोडते, तेव्हा तिच्या करुणेचे आपण कौतुक करतो. ताटातून जे गेले त्याच्या जागी काय आले, हे मात्र पाहत नाही. पातळ वरण आणि भात एवढ्याने शाकाहार पूर्ण होत नाही. पाळी सुरू झालेल्या वयात लोहाची गरज वाढते. मोड आलेल्या मटकीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावे; त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते, जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. त्यासाठी रोज दूध-दही हवे, तेही वर्ज्य असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. देहदंडाने क्षीण झालेल्या सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली, हा बोध आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावा. व्रत मुलीचे असले, तरी ताटाची जबाबदारी शाळेचीच आहे.