लॅबमधली चोरवाट

तर मंडळी, बोर्ड बूट होईना झालं की लॅबमध्ये पहिलं भांडण कशावरून होतं? सिरियल केबलवरून! आमच्याकडे बोर्डं चार आणि धड चालणारी केबल एक. टीएक्स, आरएक्स, ग्राउंड... तीनच वायरी, पण ज्याच्या हातात त्या, तो त्या दिवसाचा राजा. बाकीचे चहाला.

शेवटी वैतागून मी यू-बूटचं नेटकन्सोल चालू केलं. म्हणजे बूटलोडरचा प्रॉम्प्ट सिरियलऐवजी इथरनेटवरून. कॉन्फिगमध्ये नेटकन्सोल घालून यू-बूट पुन्हा कंपाइल करायचं, बोर्डाला आयपी द्यायचा, ‘एनसीआयपी’ या व्हेरिएबलमध्ये आपल्या लॅपटॉपचा आयपी ठेवायचा आणि इनपुट-आउटपुट ‘एनसी’कडे वळवायचं. लॅपटॉपवर नेटकॅट घेऊन यूडीपीच्या 6666 पोर्टवर बसलं की प्रॉम्प्ट हजर! हे सगळं ‘प्रीबूट’मध्ये टाकून सेव्ह केलं की दर बूटला आपोआप. लिनक्स कर्नलच्या नेटकन्सोलवर नुसतं वाचता येतं, इथे टाइपसुद्धा करता येतं.

महिनाभर मी हिरो होतो.

मग रिलीजच्या आदल्या आठवड्यात फायनल इमेज तपासताना बघतो तर काय, माझी ‘प्रीबूट’ची ओळ तशीच! वर ‘एनसीआयपी’ कुणीतरी काढून टाकलेला. तो नसला की यू-बूट ब्रॉडकास्ट पत्त्यावर बोलतं आणि कुणाचंही ऐकतं. ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. बूटडिलेच्या दोन-तीन सेकंदांत ग्राहकाच्या नेटवर्कवरच्या कुणीही एक की पाठवली असती, तरी तो प्रॉम्प्टवर. पुढे फ्लॅश पुसायला कितीसा वेळ? आणि ओळ माझीच, त्यामुळे ओरडणार तरी कुणावर!

एक मित्र म्हणाला, “अरे, ‘एनसीआयपी’ भर की, मग फक्त त्याच पत्त्याचं ऐकेल.” खरंय. पण यूडीपी पॅकेटवर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता टाकणं म्हणजे पाकिटावर खोटं नाव लिहिण्याइतकं सोपं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लॅबमध्ये नेटकन्सोल हवंच, एका केबलसाठी चार जणांनी ताटकळू नये. पण प्रॉडक्टचा कॉन्फिग वेगळा ठेवा आणि त्यातून हे फीचर कंपाइललाच वगळा. नुसतं व्हेरिएबल पुसून भागत नाही, ते कुणीही परत लिहू शकतं.

आणि हो, ती केबल फेकू नका. रॅम सुरू होऊन नेटवर्क उठेपर्यंत नेटकन्सोल मुकंच असतं, आणि बोर्ड नेमकं तिथेच मरतं! कन्सोल मक्स चालू करून ‘सिरियल’ आणि ‘एनसी’ दोन्ही ठेवा.

असो. सोमवारी हापिसात गेलात की आधी आपल्या इमेजमधलं ‘प्रीबूट’ वाचा. चहा नंतर.